मॉक्सी

मॉक्सी : धैर्य, धमक, अडचणीला न जुमानता पुढे होण्याची ईर्षा ह्या अर्थांनी अमेरिकन इंग्रजीत रूढ झालेला बोलीभाषेतील शब्द. मुळात हे एका कडवट पेयाचे व्यापारी नाव होय. पेयाच्या बाटलीवर औषधी गुण म्हणून जो दावा छापला जाई, त्यातूनच धैर्याचा अर्थ ह्या नावास चिकटला. तो दावा कायद्यापुढे टिकला नाही. अर्थ मात्र टिकला.

इंग्रजीतील धैर्यवाचक शब्द पुष्कळदा शरीरावयवांवरून आलेले आढळतात. ‘करेज’च्या मुळाशी हृदय ह्या अर्थाचा ‘कॉर’ हा लॅटिन शब्द आहे, तर ‘प्लक’ हा शब्द खाटकाच्या दुकानातील असून कापलेल्या जनावराचे हृदय, यकृत व फुप्फुसे असा त्याचा अर्थ होता. मराठीतील ‘काळीज’ आणि फार्सीतून आलेला ‘जिगर’ हे शब्दही ह्याच जातीचे. ‘नर्व्ह’ ह्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ कंडरा असा होता; पुढे तो मज्जातंतूंना लावला गेला व एकोणिसाव्या शतकात त्याला धैर्याचाही अर्थ आला. मॉक्सीचा इतिहास समजण्यास हा दुहेरी अर्थ ध्यानी घ्यावा लागतो. जॉर्ज मिलर बिअर्ड ह्या अमेरिकन वैद्याने १८६९ मध्ये ‘न्यूरॅस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंची शक्ती क्षीण होण्याचा विकार, ही कल्पना मांडली. धावपळीच्या शहरी जीवनाने माणसे खचतात, हे लोकांना पटण्याजोगे होते. विकार खरा असो वा नसो, औषधविक्रेत्यांना त्यामुळे मोठे क्षेत्र मोकळे झाले.

ऑगस्टिन टॉम्पसन (१८३५–१९०३) हा मेन राज्यातील यूनियन गावचा. अमेरिकन यादवी युद्धात लढल्यानंतर तो मॅसॅचूसेट्स राज्यातील लोएल ह्या कापडगिरण्यांच्या शहरी होमिओपॅथीचा व्यवसाय करू लागला. त्याने ‘मॉक्सी नर्व्ह फूड’ ह्या नावाने एक पेय विक्रीस काढले व १८८५ मध्ये त्याची व्यापारी मुद्रा नोंदविली. पक्षाघात, मेंदूचा मऊपणा व निद्रानाश ह्यांवर ते गुणकारी असल्याचे सांगण्यात येई; शिवाय त्यात औषध, विष वा मद्य ह्यांचा थेंबही नाही, अशीही ग्वाही दिली जाई. जेन्शन वनस्पतीच्या मुळामुळे त्यास कडू चव येते. हे पेय चमच्याने घ्यावयाचे औषध न राहता सोडापाण्यातून पेलाभर पिण्याचे पेय झाले, ह्यातच त्याच्या यशाचे मर्म होते.

नावाच्या उगमाविषयी टॉम्पसनने स्वतःच एक कथा पसरविली. दक्षिण अमेरिकेत लेफ्टनंट मॉक्सी नावाच्या त्याच्या मित्रास एक गुणकारी वनस्पती सापडली, अशी ती कथा. तथापि ह्या लेफ्टनंटचा कोणताही पुरावा मिळत नाही. मेन राज्यात मात्र मॉक्सी नावाचे एक तळे व एक धबधबा आहे. टॉम्पसन त्याच राज्यातील असल्याने नाव तेथून उचलले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्थलनामाचा संबंध अल्गाँक्वियन भाषांतील औषधवाचक शब्दाशी जोडला जातो, परंतु तो तर्कच आहे.

जाहिरातीत ह्या पेयाने मोठी आघाडी घेतली. प्रचंड बाटलीच्या आकाराच्या घोडागाड्या गावोगाव फिरत. पुढे फ्रँक आर्चर ह्याच्या कारकीर्दीत मोटारीवर घोड्याची प्रतिकृती बसवून त्याच्या खोगिरावरून ती मोटार हाकण्याचा प्रकारही झाला. परंतु १९०६ च्या शुद्ध अन्न व औषधी अधिनियमाने वेष्टनावरील खोट्या वर्णनास बंदी घातली आणि ‘नर्व्ह फूड’ हे शब्द बाटलीवरून गेले. ‘मॉडॉक्स’ ह्या तशाच नावाच्या पेयाविरुद्ध कंपनीने लावलेल्या दाव्यात १९०७ मध्ये न्यायालयाने दाद नाकारली. जो स्वतः ग्राहकांची दिशाभूल करतो, त्याला नक्कल करणाऱ्याविरुद्ध समन्यायाचे साहाय्य मागता येत नाही, असे त्यामागील तत्त्व होते.

दोन दशकांनंतर हा शब्द वेगळ्याच ठिकाणी दिसू लागतो. १९३० मध्ये डेमन रन्यन ह्याने न्यूयॉर्कमधील जुगारी व गुंडांच्या बोलीत लिहिलेल्या कथेत तो धमक ह्या अर्थाने आला आहे. इतके कडू पेय पिण्यास धैर्य लागते म्हणून हा अर्थ आला, असे विनोदाने सांगतात. ते मनोरंजक असले, तरी ग्राह्य नव्हे. मज्जातंतूंचे अन्न म्हणून वर्षानुवर्षे जाहिरात झालेल्या वस्तूकडे ‘नर्व्ह’चा दुसरा अर्थ सहज ओढला गेला, हे स्पष्टीकरण पुरेसे आहे. मात्र मॉक्सी म्हणजे रणांगणावरील शौर्य नव्हे. तीत थोडा आगाऊपणा व हुशारीही गृहीत असते; मुष्टियोद्धा, होतकरू नट किंवा नवखा विक्रेता ह्यांच्या संदर्भात हा शब्द विशेष शोभतो.

कोका-कोलासारख्या गोड पेयांच्या स्पर्धेत मॉक्सी मागे पडून मुख्यतः न्यू इंग्लंडपुरते उरले. २००५ मध्ये मेन राज्याने त्यास अधिकृत राज्यपेयाचा दर्जा दिला व २०१८ मध्ये कोका-कोला कंपनीने ते विकत घेतले. नासाच्या पर्सिव्हिअरन्स यानातून मंगळावर पाठविलेल्या, तेथील कार्बन डाय-ऑक्साइडापासून ऑक्सिजन तयार करणाऱ्या उपकरणाच्या लांबलचक नावाची आद्याक्षरेही ‘मॉक्सी’ अशीच जुळविण्यात आली. ह्या उपकरणाने २०२१ ते २०२३ ह्या काळात तेथे ऑक्सिजन निर्माण केला.