पाणी, घाण आणि आपला जलसा

हल्ली 'पर्यावरण' हा शब्द फार चालतो. गावात पथनाट्य येतं, पाणी वाचवा, घाण करू नका म्हणतं, टाळ्या घेतं आणि निघून जातं. जणू ही गोष्ट लोकांपुढं पहिल्यांदाच मांडली जातेय! आपल्या बापजाद्यांनी ती ढोलकी-तुणतुण्यावर केव्हाच मांडली होती. पण जलशाला पर्यावरणाचं काम म्हणतो कोण?

जुनं गाव आठवा. चांगली विहीर गावाची. आपली बाई घागर घेऊन लांब उभी, कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. गावातलं ढोर मेलं की ते महारानं ओढायचं. सडका वास, माश्या, रोगराई आमच्या वाट्याला. वर गावच म्हणणार, "ही माणसं घाण!" पाणी द्यायचं न्हाई आणि आंघोळ का करत न्हाई म्हणून विचारायचं. गावानं नुसती जमीन जातीनं वाटली नव्हती, घाणही जातीनं वाटली होती.

जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्यांच्यामागं सत्यशोधक जलसे निघाले. तमाशाचा सांगाडा तोच, पण आतला मजकूर बदलला. करमणुकीसाठी जमलेल्या रयतेला भटशाही समजू लागली.

मग महाड. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, हा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केलं, तेही कागदावर. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत, आपण नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढं सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. कसं? शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी तळ्यात बुडवून! पिण्याच्या पाण्यात शेण-मूत घालणारे शुद्ध, आणि ओंजळभर पिणारे बाटवणारे. याहून मोठा फार्स कुठल्या वगात सापडेल? हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं.

हीच हकीकत आंबेडकरी जलशांनी वस्तीवस्तीत नेली. १९३०च्या दशकात नाशिककडं भीमराव कर्डकांचा जलसा फिरत होता. रंगमंच म्हणजे वस्तीतली मोकळी जागा. नट म्हणजे आपलीच कष्टकरी पोरं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला जलशातून महाड कळलं. मेलेलं ढोर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका, पोरं शाळेत घाला, हे त्याला आपल्याच बोलीत ऐकू आलं.

स्वच्छ राहा, हेही जलसा सांगायचा. नुसतं तेवढंच सांगितलं असतं तर तो गावाचीच री ओढणारा ठरला असता. पण त्याच तोंडानं तो पाण्याचा हक्क मागत होता. आंघोळ करा म्हणणाऱ्यानं आधी विहीर कुणाची ते विचारलं, इथं जलसा वेगळा.

आणि ऐकणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागली. ढोरं ओढायचं नाकारलं की गावाचा बहिष्कार. दुकान बंद, रानातली वाट बंद, मार. वतनाची बेडी तोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात बिल आणलं. महार वतन कायद्यानं गेलं ते १९५८ साली. एवढी वर्षं लोक तग धरून राहिले. ते बळ भाषणांनी दिलं, तसंच जलशांनीही दिलं.

आज ढोर ओढणं सुटलं, पण गटार सुटलं नाही. हातानं मैला उपसण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली पुन्हा झाला. तरी गटारात उतरून मरणारा कोण, त्याची जात कुठली, हे सांगायला नको. पथनाट्यवाले 'आपण सगळे घाण करतो' म्हणतात. सगळे करत असतील, पण उपसतो कोण?

तेव्हा दोस्तहो, पर्यावरणाचं नाटक जरूर करा. वस्तीत करा, वस्तीतल्यांना घेऊन करा. पण पडदा उघडण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. या गावात चांगलं पाणी कुणाच्या दारात येतं? आणि घाण कुणाच्या दारात जाते? उत्तर मिळालं की वग तयारच आहे.