डिझेलवर चढवलेल्या जीपा
महिंद्रांनी मुंबईत जुळवलेल्या विलिस जीपा पेट्रोलवरच्या, तीन गिअरच्या. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, मग गॅरेजवाल्यांनी त्यांत डिझेल इंजिन बसवायला घेतलं. इंजिन जड, म्हणून पाटे नि माउंटिंग बदलायचं. त्याचे फेरे कमी, म्हणून जमलं तर गिअरबॉक्सही. मधली जोडप्लेट कातायला बेळगावच्या उद्यमबागेत लेथची काय कमी!

आता २०२१चा केंद्रीय नियम म्हणतो, पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली, मोठा फेरबदल न झालेली गाडीच 'व्हिंटेज'. निपाणी-बेळगाव रस्त्यावर राबलेली डिझेल जीप त्यात बसत नाही. पण इंजिनबदल हाच तर तिचा इतिहास. आरसी बुकात बदललेल्या इंजिनाचा नंबर असेल, तर तोच पुरावा. गाडी भंगारात घालाल, पण मंडळी, ते बुक तेवढं जपा.