घोडं पेंड खातंय कुठे?

काम अडलं की आपण विचारतो, "घोडं पेंड खातंय कुठे?" १९७३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न खऱ्याखुऱ्या घोड्याबद्दल पडला होता, आणि त्याच्या उत्तरावर साठ लाख डॉलर अडकले होते.

घोड्याचं नाव सेक्रेटेरिएट. (नाव वाचून मंत्रालयातल्या फायली डोळ्यासमोर आल्या तर तुमचा दोष नाही.) दोन वर्षांचा असतानाच, म्हणजे १९७२ मध्ये, तो अमेरिकेत 'हॉर्स ऑफ द इयर' ठरला होता. हा मान एवढ्या लहान घोड्याला सहसा मिळत नाही. मालकीण पेनी चेनरी. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे वडील वारले आणि वारसाकराचा डोंगर उभा राहिला. तेव्हा फेब्रुवारीत घोड्याच्या प्रजननाच्या हक्कांचे ३२ शेअर केले गेले, प्रत्येकी १,९०,००० डॉलर. एकूण ६०.८ लाख डॉलर, त्या काळचा विक्रम! मोठी शर्यत अजून एकही झालेली नव्हती. सगळे पैसे भविष्यावर.

आणि मग २१ एप्रिलला अ‍ॅक्विडक्ट मैदानावर वुड मेमोरियल ही शर्यत झाली. केंटकी डर्बी फक्त दोन आठवड्यांवर. सेक्रेटेरिएट तिसरा आला, पहिल्या घोड्याच्या चार लांब्या मागे. (एक लांबी म्हणजे एक घोडा, साधारण अडीच मीटर.) जिंकला अँगल लाइट. जखमेवर मीठ असं की तोही याच प्रशिक्षकाच्या, ल्युसियन लॉरिनच्या, तबेल्यातला. दुसरा शॅम.

आता तुम्ही शेअर घेतलाय असं समजा. काय कराल?

बहुतेकांकडे उत्तर तयारच होतं. सेक्रेटेरिएटचा बाप बोल्ड रूलर. त्याची पोरं वेगवान, पण लांब अंतरावर दम टिकत नाही अशी ख्याती. डर्बी, प्रीकनेस, बेल्मॉन्ट या तीन मोठ्या शर्यतींपैकी एकही त्याच्या पोरांनी तोवर जिंकली नव्हती. वुड होती नऊ फर्लांगांची, म्हणजे सुमारे १८०० मीटर. सेक्रेटेरिएट एवढं अंतर पहिल्यांदाच धावत होता. डर्बी दहा फर्लांगांची. मग काय, "बापावर गेलाय, इथेच धापा टाकतोय, पुढे काय करणार?" भरीस भर म्हणून जिमी 'द ग्रीक' स्नायडर हा सट्टेबाजीतला प्रसिद्ध माणूस घोड्याच्या गुडघ्यात दुखणं असल्याचं सांगत सुटला.

बापाची थिअरी मूर्खपणाची नव्हती. डेटा खरा होता. पण ती आधीच डोक्यात बसलेली होती, त्यामुळे एक हार झाल्याबरोबर सगळ्यांना "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणायची संधी मिळाली. आई समथिंगरॉयल ही प्रिन्सक्विलोची मुलगी, आणि प्रिन्सक्विलोचं घराणं दमदारपणासाठीच ओळखलं जायचं. ही माहितीही सगळ्यांकडे होती. ती मात्र त्या आठवड्यात फारशी कुणाला आठवली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हरण्याची पद्धत. दम संपणारा घोडा आधी मुसंडी मारतो आणि मग शेवटी मावळतो. सेक्रेटेरिएटने मुसंडी मारलीच नाही. जॉकी रॉन टरकॉटने मागितलं तेव्हा घोड्याने प्रतिसादच दिला नाही. शिवाय अँगल लाइट पहिल्यापासून पुढे होता आणि वेग संथ ठेवून धावत होता. अशा शर्यतीत पुढचा घोडा ताकद राखून ठेवतो आणि मागून येणाऱ्याची पंचाईत होते. 'घोड्यात दम नाही' आणि 'शर्यत त्याच्या सोयीची झाली नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकालाच्या तक्त्यात मात्र दोन्हींसाठी '३' हा एकच आकडा छापला जातो.

आणि खरं कारण? वरच्या ओठाच्या आत झालेला एक गळू. शर्यतीच्या दिवशी सकाळी तपासणीत पशुवैद्याला तो दिसला होता, पण मालकीणबाईंना कळलं ते शर्यतीनंतर. लगाम खेचला की तोंडात कळ जाणार, मग घोडा लगामाला साथ देईल कशाला? शर्यतीआधीच्या सरावातही तो नेहमीपेक्षा संथ धावला होता. म्हणजे लक्षण आधीपासून होतं.

अर्थात इथे सावध राहायला हवं. हरलेल्या प्रत्येक घोड्याच्या तबेल्यात एखादं 'कारण' असतंच. मैदान ओलं होतं, जॉकी चुकला, रात्री नीट खाल्लं नाही. मग खरं कारण आणि सबब यातला फरक कसा ओळखायचा? मला वाटतं, खरं कारण पुढचं काहीतरी सांगून जातं. गळू हे कारण असेल तर तो बरा झाल्यावर घोडा पूर्वीसारखा पळायलाच हवा. नाही पळाला तर ती सबब.

ही परीक्षा डर्बीच्या तीन दिवस आधी झाली. गळू बरा झाला होता. २ मेच्या सरावात सेक्रेटेरिएटने पाच फर्लांग ५८.६ सेकंदांत कापले. ज्यांना बघायचं होतं त्यांना उत्तर तिथेच मिळालं.

बाकीच्यांसाठी घोडामैदान जवळच होतं. ५ मे रोजी त्याने डर्बी १ मिनिट ५९.४ सेकंदांत जिंकली. हा विक्रम आजही टिकून आहे. पण माझा आवडता आकडा वेगळा आहे. दर पाव मैलाला लागलेले सेकंद बघा: २५.२, २४, २३.८, २३.४, २३. ज्याच्या दमाबद्दल शंका होती, तो शेवटपर्यंत वेग वाढवतच गेला! वुड जिंकणारा अँगल लाइट दहावा आला. म्हणजे त्या एका निकालावरून हरणाऱ्याबद्दलच नाही, जिंकणाऱ्याबद्दलही अंदाज चुकला. पुढे ९ जूनला दीड मैलाची बेल्मॉन्ट सेक्रेटेरिएटने ३१ लांब्यांनी जिंकली आणि २५ वर्षांनी अमेरिकेला ट्रिपल क्राउन विजेता मिळाला.

गोष्ट इथे संपवली तर ती सिनेमासारखी होईल. पण त्याच ऑगस्टमध्ये तो ओनियन नावाच्या घोड्याकडून हरला, आणि सप्टेंबरमध्ये प्रूव्ह आउटकडून. इतिहासातला बहुधा सर्वात वेगवान घोडा २१ शर्यतींपैकी ५ हरला. त्यातली एक हार तर जिंकून अपात्र ठरल्यामुळे.

आपल्याकडे अप्रेझलच्या मोसमात एका वाईट तिमाहीवरून माणसाचा निकाल लावतात, तेव्हा मला हा गळू आठवतो. "याच्यात दमच नाही" म्हणणं सोपं आहे. तोंड उघडून बघणं तेवढं राहून जातं.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.