वडशाचे वानर, हरितल्यांगरचा जबडा आणि हथनोऱ्याची कवटी

वडशाहून ब्रह्मपुरीकडे निघालेली गाडी वैनगंगा ओलांडते. उन्हाळ्यात पुलाखालचे पात्र उघडे पडते. रेती, गोटे, आणि काठच्या झाडांवर काळतोंड्या वानरांची टोळी. डब्यातले एखादे पोर हमखास विचारते, 'आपले पूर्वज हेच ना?' उत्तर 'नाही' असे आहे. तेथवर पोहोचताना मोठमोठे विद्वानही एकदा सपशेल चुकले होते. आजचा धागा त्या चुकीविषयी.

आधी नाते स्पष्ट करू. शेपटीवाल्या माकडांची शाखा आणि बिनशेपटीच्या कपींची शाखा सुमारे २.५ ते ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण कपींच्या शाखेवरचे. चिंपांझीची आणि आपली वाट आफ्रिकेत फुटली, त्यालाही साधारण ६० ते ७० लाख वर्षे झाली. म्हणजे पुलावरून दिसणारे वानर आपले आजोबा नव्हेत, फार लांबचे भाऊबंद होत. भारताच्या रानात आज कपी उरला आहे तो ईशान्येकडील हूलॉक गिबन.

पूर्वी मात्र येथे मोठे कपीही होते. १९३२ साली येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस या तरुण संशोधकाला हिमाचलातील हरितल्यांगरच्या परिसरात वरच्या जबड्याचा तुकडा सापडला. त्याने नाव दिले रामपिथेकस, म्हणजे रामाचा कपी. जबड्याचा मधला भाग हाती नव्हताच. तरी १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स यांनी दोन्ही बाजू माणसासारख्या कमानीत जुळवल्या आणि रामपिथेकस मानवाचा आद्य पूर्वज ठरला. मानवाचे मूळ शिवालिकच्या टेकड्यांत! आपल्याला हे आवडले नसते तरच नवल. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातही तो 'अधिक मानवसदृश' म्हणून आला.

१९६७ मध्ये सॅरिच आणि विल्सन यांनी रक्तातील प्रथिनांची तुलना करून सांगितले की माणूस आणि आफ्रिकी कपी वेगळे होऊन जेमतेम ५० लाख वर्षे झाली. रामपिथेकस तर त्याहून कितीतरी जुना! जीवाश्मतज्ज्ञांनी हे हसण्यावारी नेले. १९८२ मध्ये डेव्हिड पिलबीम यांनी पाकिस्तानातील पोटवार पठारावर मिळालेला शिवपिथेकसचा चेहरा प्रसिद्ध केला. तो ओरांगउटानशी मिळताजुळता होता. रामपिथेकस हा शिवपिथेकसचाच लहान चणीचा, बहुधा मादीचा, अवशेष ठरला. पिलबीम स्वतः पूर्वी सायमन्स यांच्या बाजूचे होते. त्यांनी आपले मत उघडपणे मागे घेतले, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते.

आता पुन्हा आपल्या खोऱ्यात येऊ. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. याच प्रदेशात, चंद्रपूर शहरालगतच्या पापामियाँ टेकडीवर अश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. गोदावरीच्या खोऱ्यात प्रवरेकाठी, नेवाशाला, ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केले; तेथे नदीच्या गोट्यांच्या थरांत दगडी हत्यारे निघाली, प्राचीन रानबैलाची हाडेही निघाली. ती हत्यारे घडवणाऱ्याचे हाड मात्र निघाले नाही. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांच्या आहेत. तेथेही कर्ता गैरहजर! माणसे तेव्हा थोडी, आणि देह चटकन गाळाखाली झाकला गेला तरच हाड टिकते.

भारतातील सर्वांत ठळक साक्ष सातपुड्याच्या पलीकडे मिळाली. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनाकिया यांना नर्मदेकाठी हथनोरा गावाजवळ कवटीचा उजवा भाग सापडला. त्यांनी तो होमो इरेक्टसचा मानला. पुढे केनेडी आणि इतरांनी त्याला प्राचीन होमो सेपियन्स म्हटले. वाद मिटलेला नाही. गंमत पाहा: रामपिथेकसचे सिंहासन ज्या वर्षी गेले, त्याच वर्षी ही कवटी मिळाली.

हथनोऱ्याची कवटी नदीच्या खडीच्या थरातच होती. आपल्या नद्यांतून रेती-खडी ट्रकांनी उपसली जाते तेव्हा असे थर उलथतात, आणि थराबाहेर पडलेल्या हत्यारावरून त्याचे वय सांगणे जवळपास अशक्य होते. म्हणून वैनगंगेच्या काठी दोन्ही बाजूंनी छिलके काढलेला, बदामाच्या आकाराचा दगड दिसला तर उचलू नका. जागेसकट छायाचित्र घ्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.