दिलेली परवानगी मागे कधी घेता येते? कलम ६० ते ६४ वरील भाष्य

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा कायदा मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला. आजचे लीव्ह अँड लायसन्सचे करार त्यातल्याच परवान्याच्या प्रकरणावर उभे आहेत. त्यातील महत्त्वाच्या तरतुदी आशयरूपाने देऊन हे भाष्य केले आहे.

कलम ६०, आरंभ : परवाना देणाऱ्याला तो रद्द करता येतो.
हा मूळ नियम. परवान्याने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. एरवी जे अतिक्रमण ठरले असते ते मालकाच्या संमतीमुळे ठरत नाही, इतकेच. म्हणून मुक्काम लांबला तरी त्यातून मालकी येत नाही. गोव्यातल्या एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हेच बजावले : फुकट राहू दिलेला नातलग किंवा रखवालदार कितीही वर्षे राहिला तरी त्याला जागेवर हक्क मिळत नाही. मात्र मथळ्यात ‘लायसन्स’ लिहिले की भागले, असेही नाही. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमध्ये केशकर्तनासाठी दिलेल्या खोल्यांचा करार लायसन्स म्हणून लिहिला होता. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशय तपासून तो भाडेपट्टा ठरवला.

खंड (क) : परवान्याला मालमत्तेचे हस्तांतरण जोडलेले असेल आणि ते अमलात असेल, तर परवाना रद्द होत नाही.
बागेत तोडून ठेवलेली लाकडे मालकाने विकली. ती उचलायला खरेदीदाराने आवारात येणे ओघानेच आले. पैसे घेऊन मग फाटक लावले, तर विक्रीलाच अर्थ उरत नाही. हस्तांतरण संपले की हे संरक्षणही संपते.

खंड (ख) : परवान्यानुसार वागून कायमस्वरूपी काम केले आणि त्यासाठी खर्च केला, तर परवाना रद्द होत नाही.
सर्वाधिक वाद इथेच होतात, कारण तिन्ही अटी एकत्र जुळाव्या लागतात. काम परवान्याच्या कक्षेत हवे : राहायला दिलेल्या खोलीशेजारी परस्पर दुसरी खोली बांधली, तर हे संरक्षण नाही. काम कायमचे हवे : नट-बोल्ट सोडवून नेता येणारी पत्र्याची शेड पुरत नाही, जोते, भिंती, स्लॅब घातलेले बांधकाम बसते. आणि खर्च परवानाधारकाचा हवा. उत्तर प्रदेशातील एका शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अशा बांधकामामुळे परवाना अप्रतिसंहरणीय, म्हणजे मागे न घेता येणारा, मानला. कलम ६० परिपूर्ण नाही, पक्षकार करारानेही परवाना तसा ठरवू शकतात, असेही त्यात सांगितले. मला हा अपवाद न्याय्य वाटतो. दुसऱ्याचे पैसे आपल्या जमिनीत मुरताना बघत राहणाऱ्याने भिंत उभी राहिल्यावर नकार देणे हा अन्याय आहे.

कलम ६१ : रद्द करणे स्पष्ट शब्दांत किंवा कृतीतून होऊ शकते.
कायद्यातच उदाहरण आहे : शेतातून वाट दिलेल्या मालकाने त्याच हेतूने फाटकाला कुलूप लावले की परवाना रद्द झाला. तरी पुराव्यासाठी लेखी नोटीस केव्हाही बरी.

कलम ६२ : काही घटनांनी परवाना आपोआप संपतो.
मुदत संपणे, उद्देश पूर्ण होणे, ज्या नोकरीमुळे जागा मिळाली ती सुटणे. निवासी लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही लागू होते.

कलमे ६३ व ६४ : जागा सोडायला व सामान न्यायला वाजवी वेळ; मोबदला देऊन घेतलेला परवाना दोष नसताना अर्ध्यातच हिरावला, तर भरपाई.
रद्द करण्याचा हक्क आहे म्हणून रातोरात सामान रस्त्यावर टाकण्याची मुभा मिळत नाही, आणि घेतलेल्या पैशाची जबाबदारीही टळत नाही.

मालकांनी एवढे करावे : परवानगी कशासाठी आणि कुठवर, हे लिहून नोंदवावे, पहिली वीट रचली जाताना हरकत असेल तर त्याच दिवशी लेखी कळवावी. आणि परवानाधारकांनी बांधकामाची लेखी संमती हातात आल्याशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत पैसा घालू नये.