पांढरीचा पत्ता

मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात : काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. माणसे शतकानुशतके एकाच जागी राहिली, की मातीच्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडे, खापरे यांचे थर साचतात, जमीन उंचावते आणि तिचा रंग फिकट होतो. वस्ती उठून गेली तरी पांढरी मागे राहते. पुरातत्त्वज्ञ पहिल्यांदा शोधतो ती हीच.

खानदेशात अशा जागा पुष्कळ आहेत. गिरणेच्या काठी, चाळीसगाव तालुक्यात बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी 1952-53 मध्ये आणि पुन्हा 1956-57 मध्ये उत्खनन केले. समोरच्या काठावर टेकवाडे येथे त्याच काळातली दफने मिळाली. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी 1955 मध्ये खोदले. धुळे जिल्ह्यातील कवठे येथे डेक्कन कॉलेजने 1980च्या दशकात उत्खनन केले. तापीकाठच्या सावळदा गावावरून तर एका ताम्रपाषाण संस्कृतीलाच नाव मिळाले. तिचा काळ साधारण इ.स.पू. 2200 ते 1800 असा धरतात.

ही स्थळे सापडली ती पायी हिंडून. नदीकाठ धरून चालायचे, नांगरलेल्या शेतातली खापरे पाहायची, गावकऱ्यांना विचारायचे आणि सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर खूण करायची. अहवालात गावाचे नाव आणि बहुधा अक्षांश-रेखांश दिले जात, तेही अनेकदा पूर्ण मिनिटांत.

इथे एक गणित करून पाहू. भुसावळ 21 अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. तेथे अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर आणि रेखांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे 1.73 किलोमीटर. म्हणजे पूर्ण मिनिटांत दिलेला पत्ता सुमारे 3.2 चौरस किलोमीटरचा, 320 हेक्टरांचा असतो. त्यात दोन हेक्टरांची पांढरी शोधायची, म्हणजे 160 सारख्या तुकड्यांतला एक ओळखायचा! टेकाड उभे असेल तोवर ते डोळ्यांना दिसते. ते सपाट झाले, की हा पत्ता निरुपयोगी होतो.

संगणकावरील नकाशाचे पहिले काम हा पत्ता नेमका करण्याचे आहे. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. पूर्वी शंभर मीटरपर्यंत चुकणारे साधे यंत्र त्यानंतर दहा-पंधरा मीटरच्या आत जागा सांगू लागले. 2002 मध्ये सुरू झालेली क्यूजीआयएस ही आज्ञावली कोणालाही फुकट वापरता येते. मात्र एक सावधगिरी हवी. आपले जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, तर जीपीएस दुसरा आकार मानते. हा फरक विसरला तर खानदेशात खूण शंभराहून अधिक मीटर सरकते. पांढरीची खूण काळीत पडायला तेवढे पुरे!

दुसरे काम थर रचण्याचे. एका थरात स्थळे, दुसऱ्यात नद्या, तिसऱ्यात जमिनीची जात, चौथ्यात उंची. उंचीसाठी फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून अकरा दिवसांत केलेली रडार-मोजणी उपलब्ध आहे. मग प्रश्न विचारता येतात. किती वस्त्या नदीपासून एक किलोमीटरच्या आत आहेत? त्या खोल काळ्या जमिनीलगत आहेत की उथळ जमिनीवर? दोन वस्त्यांमध्ये किती तासांची चाल होती? हेच प्रश्न पूर्वी ट्रेसिंग पेपर आणि फूटपट्टी घेऊन सोडवत. आता शंभर स्थळांचे उत्तर काही क्षणांत मिळते.

उत्तर झटपट मिळाले म्हणून ते खरे ठरत नाही. समजा, नकाशावरील बहुतेक ठिपके नदीकाठी दिसले. त्यावरून लोक नदीकाठीच राहत असे म्हणायचे का? शोधणारे नदीकाठानेच चालले असतील, तर ठिपके तिथेच असणार. शिवाय तापीने वाहून आणलेल्या जाड गाळाखाली काही वस्त्या गाडल्या गेल्या असतील. त्या वरून चालणाऱ्याला दिसत नाहीत आणि उपग्रहालाही सहसा दिसत नाहीत. रिकामी जागा म्हणजे 'वस्ती नव्हती' असे नव्हे. 'सापडलेली नाही' एवढाच तिचा अर्थ. म्हणून कोणती शेते तपासली आणि कोणती राहिली, याचाही थर नकाशात हवा. हे संगणक सुचवत नाही, संशोधकाला सुचावे लागते.

आणि वेळ थोडा आहे. पांढरीची माती सुपीक असते, म्हणून ती गाड्या भरून शेतात नेण्याची रीत जुनी आहे. आता यंत्रे आली. नदीकाठच्या घळी आणि टेकाडे काही दिवसांत सपाट होतात. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही; आपल्या शेतातला उंचवटा चार हजार वर्षांचा असू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

हे सांगण्याचे काम शाळा करू शकते. नववीच्या मुलांना आपल्या गावाच्या पांढरीची चौकशी करू द्या. आजोबांना विचारा, जुने गाव कुठे होते, ते का उठले. जागेचे अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच अंकांपर्यंत टिपा, तारीख लिहा, छायाचित्र घ्या. खोदू नका, काही उचलू नका. थरातून निघालेले खापर आपला काळ तितक्या नेमकेपणाने सांगू शकत नाही. नोंद राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, पण नेमका पत्ता गावभर करू नका. गुप्तधनाच्या लोभाने पांढरी उकरणारेही असतात.

यातून एखादे नवे स्थळ सापडेल किंवा सापडणारही नाही. पण उद्या ते टेकाड नाहीसे झाले, तरी ते कुठे होते हे तरी उरेल.