फ्रीमाँटचा पंधरा ऑगस्ट

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनातील पंधरा ऑगस्ट हा श्रावणसरींचा, भिजलेल्या गणवेशाचा आणि काठीला चिकटून बसलेल्या ओल्या झेंड्याचा दिवस असतो. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट शहरी मात्र त्या सुमारास मिशन पीकचा डोंगर वाळल्या गवताने पिवळा पडलेला असतो, आकाशात औषधालाही ढग नसतो, आणि उत्सवाचा दिवसही बहुधा मागेपुढे सरकून शनिवार-रविवारी येतो, कारण पोटासाठी परमुलखी गेलेल्यास राष्ट्राचा सणही यजमान देशाच्या सुट्टीशी जुळवून घ्यावा लागतो.

मिशन सॅन होजे, नाइल्स, सेंटरव्हिल आदी पाच गावे एकत्र होऊन हे शहर १९५६ साली स्थापन झाले. त्याच वर्षी पंजाबात जन्मलेले दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. आणि १९२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झालेले नागरिकत्वाचे दार भारतीयांस उघडून तेव्हा अवघी दहा वर्षे लोटली होती. पुढे १९६५ च्या कायद्याने स्थलांतराचा मार्ग प्रशस्त झाला, शेजारच्या खोऱ्यात संगणकाचा उद्योग बहरला, आणि गतशतकाच्या अखेरच्या दशकात फेडरेशन ऑफ इंडो-अमेरिकन्स या संस्थेने येथे मिरवणुकीचा प्रघात पाडला. प्रांतोप्रांतीच्या मंडळांच्या सजवलेल्या मालमोटारी, ध्वनिवर्धकावरची गाणी, पुढे चालणाऱ्या मुलांच्या एका हाती तिरंगा नि दुसऱ्या हाती तारांकित अमेरिकी निशाण, आणि या सर्वांस नगरपालिकेची रीतसर परवानगी व पोलिसांचा चोख बंदोबस्त!

हा बंदोबस्त पाहताना मला नेहमी येथून साठेक किलोमीटरवरच्या सॅन फ्रान्सिस्कोची आठवण होते. तेथे हिल स्ट्रीटवरील युगांतर आश्रमातून १ नोव्हेंबर १९१३ रोजी इंग्रजी सत्तेविरुद्ध उठावाची हाक देणाऱ्या परदेशस्थ भारतीय क्रांतिकारकांच्या 'गदर' पत्राचा पहिला अंक निघाला, आणि तेथेच १९१७-१८ मध्ये अमेरिकी सरकारने गदरच्या लोकांवर कटाचा खटला चालवला. त्या पिढीला साजरा करण्यास स्वातंत्र्यदिनच नव्हता; म्हणून १० मे ही १८५७ च्या उठावाची तिथी, जी सावरकरप्रभृतींनी १९०८ साली लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये समारंभपूर्वक पाळली होती, तीच परदेशस्थ क्रांतिकारकांची राष्ट्रीय तिथी होऊन बसली. पराभवाचा स्मृतिदिन सण म्हणून पाळणारी ही मंडळी वेडीच म्हणायची. पण तसल्या वेडावाचून पंधरा ऑगस्ट उगवला असता असे मला वाटत नाही.

त्यांत मराठी माणसे थोडी, पण तोलामोलाची होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पुढे मेक्सिकोत मक्याचे संशोधक म्हणून नावाजले आणि स्वतंत्र भारत पाहून १९६७ साली निवर्तले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेत शिकावयास आलेले. ते १९१४ अखेर मायदेशी परतले, पुढच्या मार्चात मीरतच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या कारागृहात गदरमधील सहकारी कर्तारसिंग सराभा यांच्यासमवेत फासावर चढले.

मालमोटारीवर शिवछत्रपतींचा दरबार उभा करण्याची आमच्या लोकांस मोठी हौस, आणि ती रास्तही आहे. फक्त महाराज कॅलिफोर्नियास कधी आले नव्हते, पिंगळे मात्र अमेरिकेतूनच फासाकडे गेले, एवढे ध्यानी धरून मंडळाच्या कारभाऱ्यांनी त्यांच्या तसबिरीपुरती जागा दरबाराच्या शेजारी राखावी.